आजोबांच्या लाइन बॉक्समधले सात पटाखे

गार्डाचा नातू (भुसावळ)

मंडळी, एका बाबतीत तातडीने सल्ला हवा आहे. थोडं मनातलंही बोलायचं आहे.

आमचं जुनं घर पाडायला काढलंय. परवा माळा रिकामा करताना आजोबांचा लाइन बॉक्स, म्हणजे गार्डाची कामाच्या सामानाची पेटी, खाली उतरवला. आजोबा जीआयपीच्या, म्हणजे मध्य रेल्वेच्या आधीच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या, शेवटच्या काळात नोकरीला लागले आणि १९८१ साली मध्य रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झाले. सुरुवातीची काही वर्षं पाचोरा-जामनेरवर, म्हणजे आपल्या पीजेवर. मग मालगाड्या, शेवटी पॅसेंजर. बॉक्स काळ्या रंगाचा, पत्र्याचा, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव आणि खाली ‘बीएसएल’, म्हणजे भुसावळ. कडी गंजली होती, ती तेल सोडून मोकळी केली.

आत हातबत्ती निघाली, तिरंगी भिंगाची. वरची टोपी फिरवली की लाल, हिरवा, पांढरा असा प्रकाश बदलतो. तिच्या तळाशी अजून रॉकेलचा वास आहे. गुंडाळलेला लाल आणि हिरवा झेंडा, पितळी शिट्टी, एक वेळापत्रक, दोन रफ जर्नल (गार्डाच्या प्रवासाच्या नोंदवह्या). आणि सगळ्यांत खाली एक गोल लाल डबा. झाकण उघडलं तर आत चपट्या गोल चकत्या, प्रत्येकीला दोन्ही बाजूंनी मऊ धातूच्या पट्ट्या. मोजल्या, सात होत्या. डब्यावर ‘१०’ लिहिलेलं आहे. चकतीवर ७६ असा शिक्का दिसतो. एकदोन चकत्यांना पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड आली आहे.

मला ते काय आहे ते माहीत होतं, लहानपणी आजोबांनी सांगितलं होतं: पटाखे. रुळावर लावायचे. पण आमच्या मेव्हण्यांनी हौसेने फोटो काढून गल्लीच्या ग्रुपवर टाकला आणि पंधरा मिनिटांत तोच फोटो ‘भुसावळात घरात स्फोटकं सापडली’ म्हणून परत आला. १० नोव्हेंबर २०२५ ला दिल्लीत लाल किल्ल्याजवळ कारमध्ये स्फोट झाला, त्यानंतर सगळ्यांचीच मनं धास्तावलेली आहेत, मी कुणाला दोष देत नाही. पण शेजारच्या काकू, ज्यांना आजोबांनी अंगाखांद्यावर खेळवलं, त्या नातवंडांना घेऊन बहिणीकडे निघून गेल्या. घरात आजी नाही हे बरं, असं मला त्या दिवशी वाटलं.

तर दोन प्रश्न. एक, या डब्याचं काय करू? दोन, बाकीचा बॉक्स जपायचाय, तो कसा जपू?

एरंडोलचा आप्पा

भाऊ, पह्यले त्या डबाले हात लावू नको. लेकरंस्ले दूर ठेव. बाकीनं मंग बोलूत.

वाफेवाला (निवृत्त, भुसावळ शेड)

आप्पांचं पहिलं ऐका. आता नीट सांगतो.

डबा जिथे आहे तिथेच राहू द्या. झाकण पुन्हा उघडू नका. हलवणं, घासून पूड काढणं, उन्हात ठेवणं, पाण्यात टाकणं, जमिनीत पुरणं, यातलं काही करायचं नाही. ही वस्तू चाकाच्या दाबाने फुटावी म्हणूनच बनवलेली असते. नव्या असताना ठरावीक वर्षांनी नमुना काढून, रिकामा वॅगन सावकाश त्यावरून ढकलून त्या तपासतात, आणि तेव्हासुद्धा माणसांना ४५ मीटर लांब उभं करतात. ७६ चा शिक्का म्हणजे १९७६ साल, तुमच्याकडची चकती पन्नाशीची आहे आणि तिला पूड आली आहे. ११२ वर फोन करा, ‘रेल्वेचे जुने डिटोनेटर सापडले आहेत’ असं स्पष्ट शब्दांत सांगा. ‘बॉम्ब’ म्हणू नका. आरपीएफला, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलालाही कळवा. मात्र स्वतः डबा घेऊन स्टेशनात जाऊ नका. रेल्वेच्या हद्दीत धोकादायक माल नेणं हा गुन्हा आहे, आणि गुन्हा बाजूला ठेवला तरी तुमच्या मागे उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे.

मी ‘साधे पटाखे आहेत, काही होत नाही’ असं म्हणणाऱ्यांपैकी नाही. १४ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री श्रीनगरजवळ नौगाम पोलीस ठाण्यात जप्त केलेल्या मालाचे नमुने घेताना स्फोट झाला आणि नऊ जण गेले. ती माणसं त्या कामातली होती.

आता तुमच्या आजोबांबद्दल. या चकत्यांचं काम काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो, कारण त्या गल्लीतल्या ग्रुपवरही हे जायला हवं.

गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये अडकली, कपलिंग तुटलं, डबा घसरला, तर मागून किंवा शेजारच्या रुळावरून येणाऱ्या गाडीला कळणार कसं? गार्डाने उतरायचं. हातात बत्ती, खिशात पटाखे, आणि मागे चालत जायचं. मोठ्या लाइनवर ६०० मीटरवर एक पटाखा, मग आणखी पुढे १२०० मीटरवर तीन, एकमेकांपासून दहा-दहा मीटरवर. छोट्या लाइनवर, म्हणजे पीजेसारख्या ठिकाणी, ४०० आणि ८०० मीटर. रुळाच्या डोक्यावर चकती ठेवायची आणि पट्ट्या खाली दुमडायच्या. येणाऱ्या इंजिनाचं चाक त्यावर चढलं की धडाका होतो.

मी सत्तरच्या दशकात फायरमन होतो. डब्ल्यूजी इंजिनावर फावडं मारताना कानात दुसरं काही शिरत नाही: आगीचा घरघराट, वाफेची फुसफूस, टेंडरचा खडखडाट. पण पटाखा फुटला की तो आवाज पायांतून वर येतो. ड्रायव्हरचा हात विचार करायच्या आत ब्रेकवर गेलेला असायचा. रात्री पावसात, जिथे बत्ती दिसत नाही, झेंडा दिसत नाही, तिथे हा एकच निरोप पोचतो. माणसं वाचवण्यासाठी केलेला स्फोट आहे हा, आणि तो हाताने रुळावर लावायला कुणीतरी काळोखात सव्वा किलोमीटर एकटं चालत गेलेलं असतं.

एक विचारतो. डब्यात दहा असायला हवेत, तुमच्याकडे सात आहेत. तीन कुठे गेले ते रफ जर्नलमध्ये सापडेल. नियम असा की गार्डाला इंजिनाच्या शिट्टीने परत बोलावलं की येताना ६००चा मधला एक उचलून आणायचा आणि लांबचे तीन रुळावरच ठेवायचे. बरोबर तीनच कमी असतील, तर मला वाटतं तुमचे आजोबा एका रात्री ते चालले आहेत. जर्नल चाळा.

पाचोरेकर

हा धागा वाचून हात थांबेना, म्हणून लिहितो.

२२ जानेवारी २०२५ च्या संध्याकाळी मी माहेजी-परधाडेच्या बाजूला होतो. पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागली अशी कुणीतरी आरोळी ठोकली. साखळी ओढली गेली, गाडी थांबली, घाबरलेली माणसं मिळेल त्या बाजूने खाली उतरली. शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान बारा माणसं गेली. आग नव्हतीच.

आम्ही गावातले जे पोचलो त्यांनी चादरी आणल्या, ट्रॅक्टर आणला, पाणी आणलं. एक बाई रुळाच्या कडेला बसून हातातली चप्पल घट्ट धरून होती. दुसरी कुठे आहे ते विचारत होती, माणसाबद्दल नाही, चपलेबद्दल. मला तेव्हा कळेना काय बोलावं. तिच्याजवळ बसलो तेवढंच.

त्या दिवशी कुणी दहशतवादी नव्हता. एका शब्दाने हे झालं. म्हणून तुमच्या मेव्हण्यांच्या ग्रुपवर जो निरोप फिरतोय तो आजच्या आज थांबवा. घरोघर जाऊन सांगावं लागलं तरी सांगा. मी हे रागाने लिहीत नाही.

पीजेबद्दल थोडंसं. अडीच फुटी लाइन, ५६ किलोमीटर, वरखेडी, शेंदुर्णी, पहूर करत जामनेर. माझी आई शेंदुर्णीहून त्याच गाडीने लग्न होऊन आली. २०२० च्या टाळेबंदीत बंद झाली ती पुन्हा निघाली नाही, आता ब्रॉडगेज करायचं काम हाती घेतलंय. तुमच्या आजोबांच्या जर्नलमध्ये पीजेचं पान असेल तर त्याचा फोटो जरूर टाका.

केळीबाग (रावेर)

सगळ्यांचा मान राखून बोलतो. आपण इथे जुनी इंजिनं, जुन्या गाड्या, बोटी यांच्याबद्दल बोलायला जमतो. दिवसभर टीव्हीवर तेच स्फोट, तेच आरोप. इथे तरी ते नको. डब्याचं पोलीस बघतील. मला हातबत्तीबद्दल वाचायचंय. सावदा-निंभोऱ्याहून केळीच्या वॅगनी दिल्लीला जायच्या तेव्हा वडिलांबरोबर मी रात्र रात्र स्टेशनात काढली आहे, तेव्हा गार्डाची ती हिरवी बत्ती हलली की आमचा माल निघाला. तो आनंदाचा विषय आहे, त्याला असं काळं करू नका.

माझगावचा खान्देशी

केळीबाग भाऊ, तुमचं दुःख समजतं. तरी मला वाटतं हे दोन विषय वेगळे करता येत नाहीत. मी मूळचा दोंडाईचाचा, पण तीस वर्षं मुंबईच्या गोदीत काढली. तिथलं सांगतो.

बोट आणि भुसावळ यांचं नातं फार जुनं. १९१२ पासून पंजाब मेल, तेव्हाची पंजाब लिमिटेड, बॅलार्ड पियरहून सुटायची. विलायतेची टपाल घेऊन पी अँड ओ कंपनीची बोट लागली की साहेब लोक आणि टपालाच्या थैल्या थेट गाडीत, आणि गाडी भुसावळमार्गे पुढे पेशावरपर्यंत. म्हणजे समुद्रावरून उतरलेला माणूस आपल्या भुसावळच्या फलाटावर चहा प्यायचा. आपण हे प्रेमाने सांगतो, सांगायलाच हवं.

पण त्याच गोदीत १४ एप्रिल १९४४ रोजी ‘फोर्ट स्टिकिन’ बोट फुटली. बोटीवर सुमारे १,४०० टन दारूगोळा होता, सोन्याच्या विटा होत्या आणि कराचीत भरलेल्या कापसाच्या गाठीही. कापसाची गाठ पेटली की आतल्या आत किती धुमसते, हे आपल्याकडच्या जिनिंगवाल्याला सांगावं लागत नाही. दुपारी धूर दिसला, चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, ४.३४ ला दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचा आकडा आठशेच्या पुढे सांगतात. अख्खी मुंबई म्हणत होती की जपान्यांनी हल्ला केला. सरकारने बातमी दाबून ठेवली, त्यामुळे ती समजूत आणखी पक्की झाली. प्रत्यक्षात ती गोष्ट दारूगोळ्याजवळ कापूस भरण्याची आणि आगीवर वेळेत निर्णय न होण्याची होती.

आता उलटं उदाहरण. ‘दारा’ ही ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट मुंबई ते बसरा चालायची. आखातात कामाला जाणारी आपली माणसं तिच्यावर असायची, डेकवर पथारी टाकून. ८ एप्रिल १९६१ च्या पहाटे दुबईजवळ तिच्यात स्फोट झाला, आग लागली, २३८ माणसं गेली. बोटीत आग म्हटल्यावर आधी इंजिनरूमकडे बोट दाखवलं जातं. चौकशीत निघालं की तो मुद्दाम पेरलेला रणगाडाविरोधी सुरुंग होता.

एका ठिकाणी लोकांनी शत्रू पाहिला आणि तिथे हलगर्जी होती. दुसऱ्या ठिकाणी यंत्राचा दोष वाटावा अशी आग होती आणि तिथे खुनी होता. पहिल्या दिवशीच्या अंदाजावर माझा विश्वास उडालाय तो यामुळे. ‘दारा’ची बहीण ‘द्वारका’ १९८२ पर्यंत चालली, तिच्यावर मी स्वतः चढलोय. पांढरं कठडं, सागवानी जिने, जेवणाच्या वेळेला घंटा. त्या बोटीचं कौतुक करताना मला तिच्या बहिणीवर झोपलेली माणसं आठवतात. आठवू नयेत असं मला वाटतही नाही.

अमळनेरची बाई

मी शाळेत इतिहास शिकवायचे. माझगावच्या भावांनी १४ एप्रिल १९४४ लिहिलं आणि मी चटकन उठून बसले.

त्याच दिवशी आपल्या खान्देशात चिमठाण्याजवळ धुळ्याहून नंदुरबारकडे निघालेली सरकारी खजिन्याची मोटार क्रांतिकारकांनी अडवली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी आणि इकडचे डॉ. उत्तमराव पाटील यांची नावं त्या घटनेशी जोडलेली आहेत. साडेपाच लाखांचा खजिना होता. चिमठाणे-साळवे फाट्यावर स्मारक आहे, शिंदखेड्याकडे जाताना थांबून बघा. आदल्या वर्षी, ७ जून १९४३ ला शेणोलीला त्याच प्रतिसरकारच्या लोकांनी रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम नेली होती. प्रवाशांना हात लावला नव्हता.

मुलं मला दरवर्षी विचारायची, बाई, इंग्रज त्यांना दरोडेखोर म्हणत होते ना, मग आपण आज ज्यांना दहशतवादी म्हणतो ते पण कुणाचे तरी क्रांतिकारक असतील का? प्रश्न प्रामाणिक असायचा, म्हणून टाळला नाही कधी. मी त्यांना फळ्यावर दोन गाड्या काढून दाखवायचे. एका गाडीतला पैसा नेला आणि बसलेली माणसं घरी गेली. दुसऱ्या गाडीत, मुंबईच्या लोकलमध्ये ११ जुलै २००६ ला, ऑफिसातून घरी जाणाऱ्या माणसांच्या डोक्यावरच्या रॅकवर पिशवी ठेवली, आणि माणसं मरावीत हाच हेतू होता. ज्याला साधा प्रवासी मारायचा आहे त्याच्यासाठी मी दुसरा शब्द शोधणार नाही.

केळीबाग दादा, तुमच्या वडिलांची आठवण फार सुंदर आहे. ती आणखी लिहा ना.

केळीबाग (रावेर)

बाई, लिहीन. आणि माझगावचे भाऊ म्हणाले ते डोक्यात घोळतंय. ‘दारा’बद्दल मला काहीच माहीत नव्हतं. मी माझं म्हणणं मागे घेत नाही, पण धागा बंद करा असंही म्हणणार नाही.

धुळ्याची फियाट

माझ्याकडे डुक्कर फियाट आहे, १९६० ची, पुढचे दरवाजे उलटे उघडतात ती. गिअर स्टिअरिंगलगत. गावात निघालो की म्हातारी माणसं थांबून हात फिरवतात. हे सगळं छान आहे, पण मला कागदांबद्दल बोलायचंय, कारण तिथेच आपला छंद आणि या बातम्या एकमेकांना भिडतात.

लाल किल्ल्याजवळ जी कार फुटली ती आधी विकली गेलेली होती, कागदावर नाव वेगळ्याच माणसाचं. पोलीस आधी त्या जुन्या मालकाच्या दारात गेले. हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही आली. का, ते सांगतो. ही फियाट घ्यायच्या आधी मी माझी नेहमीची गाडी एका दलालामार्फत विकली होती. त्याने कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतल्या, ‘आठ दिवसांत नाव चढवतो’ म्हणाला. चार वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातून माझ्या नावाने दंडाची पावती आली. चार वर्षं ती गाडी माझ्या नावाने कुठे कुठे फिरली असेल, कोण बसलं असेल, काय वाहिलं असेल? दंड भरला, पण भीती त्याची नव्हतीच. शेवटी आरटीओत चकरा मारून, नव्या मालकाला शोधून, नाव बदलून घेतलं तेव्हा श्वास सोडला.

म्हणून जुन्या गाड्यांच्या सगळ्या दोस्तांना हात जोडून सांगतो. फॉर्म २९ आणि ३० कोरे देऊ नका. विकल्यापासून चौदा दिवसांच्या आत विकणाऱ्याने कळवायचं असतं, ते स्वतः जाऊन करा. बाहेरच्या आरटीओतली गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी आधी. गाडी दिल्याचा दिवस आणि वेळ लिहून दोघांच्या सह्या घ्या. आणि चासी नंबर स्वतः पेन्सिल-कागद घासून उतरवून घ्या. फियाटचा नंबर रंगाच्या थराखाली बुजला होता, मी मेकॅनिकसोबत अर्धा दिवस रॉकेलच्या बोळ्याने तो मोकळा केला. एकेक आकडा वर येत गेला तसा मला ती गाडी माझी वाटायला लागली, पैसे दिले तेव्हा नव्हती वाटली.

मालेगावचं आठवा, आपल्या धुळ्याहून तासाभराच्या अंतरावर. २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटात सहा माणसं गेली. ३१ जुलै २०२५ ला विशेष न्यायालयाने सातही आरोपींना निर्दोष सोडलं. त्या खटल्यात दुचाकीचा चासी नंबर पुरता हाती लागला नाही आणि ती कुणाची होती हे सिद्ध झालं नाही. बाईंनी लिहिलेल्या २००६ च्या लोकल स्फोटांतही त्याच महिन्यात, २१ जुलैला, उच्च न्यायालयाने बाराही जणांची शिक्षा रद्द केली, ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलंय. कोण दोषी, यावर मी इथे बोलणार नाही, मला तो अधिकार नाही. पण सतरा-एकोणीस वर्षांनी मेलेल्यांच्या घरच्यांना ‘कुणी केलं’ याचं उत्तर नाही, आणि ज्यांनी तुरुंगात ती वर्षं काढली त्यांचीही वर्षं परत येत नाहीत. एक पुसलेला नंबर एवढं करू शकतो, हे गाडीवाल्या माणसाला आतून लागतं.

पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ च्या नियमाने ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आहे. नवी नोंदणी वीस हजार, दहा वर्षांसाठी. रोजच्या वापराला ती गाडी काढता येत नाही, प्रदर्शन, रॅली, देखभाल यासाठीच. फी जास्त वाटते खरी. तरी ज्यांना जमेल त्यांनी करा.

तापीकाठ (नंदुरबार)

फियाटवाल्या दादांनी फियाटचा विषय काढलाच आहे तर: ती गाडी आपल्याकडे बनवणारी प्रीमियर कंपनी काढणारे वालचंद हिराचंद आधी रेल्वेचे ठेकेदार, मग सिंदिया कंपनीची ‘लॉयल्टी’ बोट ५ एप्रिल १९१९ ला मुंबईहून लंडनला पाठवणारे, आणि १९४४ मध्ये मोटार कंपनी. गाडी, बोट, मोटार, तिन्ही एकाच सोलापूरच्या माणसाने हाताळल्या. ‘लॉयल्टी’ निघाली तो दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. आणि १९४४ हे साल पुन्हा पुन्हा येतंय इथे.

डब्याचं काय झालं? कुणी सांगेल का?

गार्डाचा नातू (भुसावळ)

उशीर झाला, माफ करा. सांगतो.

वाफेवाल्या काकांनी लिहिलं तसंच केलं. ११२ ला फोन केला, ‘रेल्वेचे जुने डिटोनेटर’ असंच सांगितलं. स्थानिक पोलीस आले, त्यांनी खोली बंद केली, आम्हाला अंगणात बसवलं. नंतर बॉम्बशोधक व नाशक पथक आलं. त्यांच्यातल्या एका साहेबांनी डबा पाहताच विचारलं, ‘घरात कुणी गार्ड होते का?’ मला इतकं बरं वाटलं त्या एका वाक्याने. पंचनामा झाला, आजोबांच्या नोकरीचा कागद दाखवला, डबा त्यांनी वाळूच्या पेटीतून नेला. रिकामा डबा तरी मिळेल का असं विचारलं, नाही म्हणाले. मी पुन्हा विचारलं नाही. आजोबांनी निवृत्त होताना तो जमा का केला नाही, ते मला कळलेलं नाही. शेवटच्या महिन्यात ते आजारी होते, एवढंच वडील सांगायचे.

पाचोरेकर भाऊंचं ऐकून मी संध्याकाळी गल्लीत एकेका घरी गेलो. वाफेवाल्या काकांचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला. तिसऱ्या घरापर्यंत लोक माझ्यासोबत चालायला लागले होते. मेव्हण्यांनी ग्रुपवर स्वतः चूक लिहिली. काकू परत आल्या आहेत. त्यांच्या नातवाला शिट्टी वाजवायला दिली, आता तो ती परत देत नाही.

आणि काका, जर्नल चाळलं. तुम्ही म्हणालात तसंच निघालं. १९७९ चा ऑगस्ट, शिरसोली ते म्हसावद, मालगाडी. आजोबांचं अक्षर बारीक, तिरकं. जसंच्या तसं उतरवतो:

‘०१.४० गाडी विभागली, १९ वा वॅगन, हुक तुटला. पुढचा भाग गेला. मागील भाग हँडब्रेकने बांधला. जोराचा पाऊस. मागे ६०० ला १, १२०० ला ३. ०३.०५ शिट्टी, परत. १ उचलला. ३ रुळावर. बत्ती दोनदा विझली.’

त्याखाली एक ओळ वेगळ्या शाईत, बहुतेक घरी येऊन लिहिलेली: ‘डाव्या बुटात पाणी.’

पीजेची पानंही आहेत पाचोरेकर भाऊ. शेंदुर्णीला लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाडी चार मिनिटं जास्त थांबवल्याची नोंद आहे, साल १९५८. तुमच्या आईचं लग्न कधीचं?

पाचोरेकर

१९५८ चं. वैशाखातलं. आईला विचारून उद्या लिहितो. ती आता झोपली आहे.

वाफेवाला (निवृत्त, भुसावळ शेड)

०३.०५ म्हणजे तासाभरावर ते पावसात लांबच्या पटाख्यांजवळ उभे होते. नियमानुसार तिथेच बत्ती दाखवत थांबायचं असतं.

बॉक्सचं सांगतो. गंज घासून काढू नका, कोरड्या फडक्याने पुसा आणि आतबाहेर हलका तेलाचा हात फिरवा. वरचं नाव पुन्हा रंगवू नका. जर्नल बॉक्समध्ये परत ठेवू नका, पत्र्याला दमटपणा धरतो. सुती कापडात गुंडाळून वेगळं, आडवं ठेवा. झेंड्यांना कडुलिंबाचा सुकलेला पाला. बत्तीची वात बदलायची असेल तर चपटी सुती वात लागते, अर्धा इंची. माझ्याकडे दोन आहेत. रविवारी घेऊन येतो, भिंगाची टोपी कशी उघडायची तेही दाखवतो, ती जोर लावून फिरवली तर हिरवी काच तडकते.

केळीबाग (रावेर)

काका, रविवारी मीही येऊ का? रावेरहून सकाळच्या गाडीने पोचेन.